तो फोटो कुणी कापलेला नव्हता

मागच्या अंकात मी व्हीआर हेडसेट (व्हर्च्युअल रिअॅलिटी, म्हणजे डोळ्यांवर चढवलं की कॉम्प्युटरने उभं केलेली जागा चहूबाजूंनी दिसते ते यंत्र) घालून केलेल्या मेमरीच्या प्रयोगांचा जेमतेम दोन ओळींत उल्लेख केला होता, आणि तेवढ्यावरून इतकी पत्रं आणि मेल आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. पाहिलेली जागा, पाहिलेलं दृश्य आपल्याला जसं होतं तसं आठवतं का, आणि नसेल तर ते नेमकं कसं बदलतं, एवढा एकच विषय. पहिलं पत्र नाशिकचं, ते वाचून मी खरंच थांबले, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

प्रश्न : ताई, माझ्या आजीचा एक जुना फोटो आहे, कोकणातल्या घराच्या पडवीत बसलेली. माझ्या आठवणीत त्या फोटोत आजीच्या मागे अख्खं दार, दोन्ही बाजूंची भिंत, पुढे अंगणातलं तुळशीवृंदावन आणि कडेला विहिरीचा रहाटसुद्धा होता. गेल्या दिवाळीत काकांकडे तो फोटो सापडला तर त्यात फक्त आजी, दाराची एक बाजू आणि थोडीशी भिंत. मी म्हटलं कुणीतरी फोटो कापलाय, त्यावरून घरात मोठा वाद झाला. पण फोटोला चारही बाजूंनी पांढरी बॉर्डर शाबूत आहे. मग मला आठवतं ते काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : चारही बाजूंची बॉर्डर शाबूत आहे म्हणजे फोटो कापलेला नाही, काकांशी आधी बोलून घ्या. आणि तुम्हीही खोटं बोलत नव्हतात हेही त्यांना सांगा, कारण तुमच्या बाबतीत जे झालं ते जवळपास सगळ्यांच्या बाबतीत होतं आणि त्याला नाव आहे, बाउंडरी एक्स्टेन्शन, म्हणजे आठवणीत दृश्याची चौकट बाहेर सरकणं.

अमेरिकेतल्या डेलावेअर युनिव्हर्सिटीच्या हेलेन इंट्रॉब आणि मायकल रिचर्डसन यांनी १९८९ मध्ये हे पहिल्यांदा नीट मांडलं. त्यांनी लोकांना साधे फोटो दाखवले, कुंपणासमोर ठेवलेले कचऱ्याचे डबे वगैरे, काहीही विशेष नाही, आणि नंतर आठवून चित्र काढायला सांगितलं. फोटोत डब्यांच्या कडा कापल्या गेलेल्या, चित्रात मात्र लोकांनी डबे पूर्ण काढले, वर बाजूला कुंपणाच्या जास्तीच्या फळ्या काढल्या. एकाने नाही, बहुतेक सगळ्यांनी. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की चूक एकाच दिशेने झाली. आठवण नुसती धूसर झाली असती तर कुणी जास्त काढलं असतं कुणी कमी, पण इथे सगळ्यांची चौकट बाहेरच सरकली, म्हणजे यामागे काहीतरी कारण असणार.

कारण शोधायचं तर आधी डोळ्याकडे बघावं लागतं. आपल्याला एका वेळी अगदी स्पष्ट दिसतं ते फार थोडं, हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या नखाएवढं म्हणा, आणि डोळा सेकंदाला तीनचार वेळा उडी मारत हे तुकडे गोळा करतो. पण आपल्याला जग तुकड्यांचं कधी वाटत नाही. समोर दाराची अर्धी चौकट दिसली की उरलेली अर्धी भिंतीत पुढे आहेच हे मेंदूने आधीच धरलेलं असतं, आणि नंतर आठवताना प्रत्यक्ष पाहिलेलं कुठलं आणि धरून चाललेलं कुठलं हा हिशोब राहत नाही. हे व्हायला वर्षं जावी लागतात असंही नाही, इंट्रॉब आणि डिकिन्सन यांनी २००८ मध्ये दाखवलं की फोटो एका सेकंदाच्या विसाव्या भागाहूनही कमी वेळ झाकून परत दाखवला तरी चौकट सरकलेली असते. तीन ते सात महिन्यांच्या बाळांमध्येही याच्या खुणा सापडल्या. आणि एक प्रयोग माझ्या मनात कायमचा राहिलाय, त्यात टेबलावर मांडलेल्या खऱ्या वस्तूंभोवती चौकट ठेवली होती आणि लोकांनी डोळे बांधून, हाताने चाचपून ती जागा पाहिली, त्यांनाही नंतर ती जागा होती त्याहून मोठी आठवली, आणि लहानपणापासून ना ऐकू येत ना दिसत अशा एका बाईंनाही. म्हणजे हा खेळ फक्त डोळ्यांचा नाही, आपण जागा कशी समजून घेतो त्याचा आहे.

आता तुमच्या फोटोबद्दल मला जे वाटतं ते सांगते. दार आणि भिंत वाढली ते बाउंडरी एक्स्टेन्शन म्हणता येईल. तुळशीवृंदावन आणि रहाट मात्र त्यातून आले नसावेत, एवढी उडी चौकट मारत नाही. ते घरातून आले. तुम्ही त्या अंगणात खेळलात, रहाटाचा आवाज ऐकलात, आणि पुढे वर्षानुवर्षं फोटो आठवताना तुम्ही फोटोबरोबर ते घरच आठवत होतात. रहाट फोटोत नव्हता पण अंगणात होता ना, मग तो वाद काकांशी घालायची गरजच नाही, उलट त्यांना विचारा रहाट पडवीच्या कुठल्या बाजूला होता ते, आणि दोघांनी मिळून घराचा नकाशा काढून ठेवा.

प्रश्न : माझी मुलगी सायकॉलॉजीत एमएससी करतेय आणि प्रोजेक्टला हाच विषय घेऊन व्हीआर वापरायचा म्हणते. कागदावरच्या फोटोंनी काम होत असेल तर एवढा महागडा हेडसेट कशाला? आणि व्हीआर म्हणजे गेमच ना शेवटी? (पालक, पुणे)

उत्तर : तिला करू द्या, प्रश्न चांगला निवडलाय तिने. का ते सविस्तर सांगते कारण इथे खरी मजा आहे.

फोटोला कडा असतात, खऱ्या जगाला नसतात. तीस वर्षं लोक फोटोच्या कडा कशा आठवतात ते मोजत होते आणि त्यावरून आपण जग कसं आठवतो ते सांगत होते, आणि मग २०२० मध्ये विल्मा बेनब्रिज आणि ख्रिस बेकर यांनी हजार फोटो घेतले, दोन हजार लोकांना दाखवले, आणि निघालं असं की काही फोटो आठवणीत पसरतात तसे जवळजवळ तेवढेच आक्रसतातही. जवळून घेतलेला, मधोमध एकच वस्तू असलेला फोटो पसरतो, लांबून घेतलेला मोकळा देखावा उलट आत ओढला जातो. जुन्या प्रयोगांमध्ये फोटो बहुतेक पहिल्या प्रकारचे होते. यावर जोरदार वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही, इंट्रॉबच्या बाजूच्या लोकांचं म्हणणं वेगळं, या बाजूच्यांचं वेगळं. माझं मत विचाराल तर दोघांच्याही मोजमापात तथ्य आहे, पण फोटो हे साधनच इथे अपुरं पडतंय, कारण कॅमेरा कुठे धरायचा हे फोटो काढणाऱ्याने ठरवलेलं असतं, बघणाऱ्याने नाही.

हेडसेटमध्ये बघणारा मान वळवतो. एखाद्या खोलीत तुम्हाला उभं केलं, मग सगळं काळं केलं, मग त्याच खोलीत पण दोन पावलं पुढे किंवा मागे परत आणून सोडलं आणि सांगितलं की मगाशी जिथे उभे होतात तिथे जाऊन उभे राहा, तर आठवण पसरली असेल तर तुम्ही मागे जाऊन उभे राहाल, आक्रसली असेल तर पुढे, आणि चूक थेट सेंटिमीटरमध्ये मिळते. चित्र काढता येतं की नाही हा प्रश्नच उरत नाही. शिवाय प्रत्येकाला तीच खोली, तोच उजेड, आणि नजर कुठे गेली होती तेही हेडसेटमधला कॅमेरा टिपत असतो, जे खऱ्या खोलीत जमवायचं म्हणजे फार खटपट.

आणि व्हीआरमध्ये खऱ्या जगात अशक्य ते करता येतं. ऑक्सफर्डमध्ये अँड्र्यू ग्लेनरस्टर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये केलेला प्रयोग बघा. माणूस व्हीआरच्या खोलीत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला चालत जातो आणि तो चालत असताना खोली मोठी होत जाते, थोडीथोडकी नाही तर चौपट, भिंती, वस्तू सगळं एकदम. लोकांच्या लक्षातच आलं नाही. दोन्ही डोळ्यांना मिळणारी अंतराची माहिती आणि स्वतःच्या पावलांची माहिती, दोन्ही ओरडून सांगत होत्या की काहीतरी बदलतंय, पण मेंदूने धरून ठेवलेलं होतं की खोल्या अशा मोठ्या होत नसतात. मग एका टोकाला पाहिलेल्या वस्तूचा आकार दुसऱ्या टोकाला जाऊन सांगायला लावला की उत्तरं पार चुकायची. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा घरात या खोलीतून त्या खोलीत किती वेळा गेले असेन, नुसतं बघत बघत.

दुसरा एक, २०२० चा, मायकल कोहेन आणि कॅरोलाइन रॉबर्टसन यांचा. लोक हेडसेटमध्ये खऱ्या जागांचे चहूबाजूंचे व्हिडिओ बघत होते आणि नजर जिथे आहे तेवढा गोल सोडून बाकीच्या दृश्यातला रंग काढून टाकला, सगळं काळंपांढरं. रंगीत भाग पाच टक्क्यांहूनही कमी उरला तेव्हासुद्धा जवळजवळ एक तृतीयांश लोकांना काही कळलं नाही. विचारलं तर म्हणाले असते सगळं रंगीत होतं. ही अजून आठवणसुद्धा नाही, आत्ता समोर दिसतंय त्यातच इतकं धरून चाललेलं आहे, मग तासाभराने आठवताना काय होत असेल याचा विचार करा. रॉबर्टसन यांनीच आधी २०१६ मध्ये दाखवलं होतं की एकाच रस्त्याचे दोन वेगळे तुकडे, त्यांना जोडणारा मधला भाग पाहिल्यानंतर, मेंदूच्या जागा ओळखणाऱ्या भागांमध्ये एकमेकांसारखे नोंदले जायला लागतात. म्हणजे पाठीमागे जे आहे ते समोर बघतानाही मेंदू जोडून ठेवतो. आजीच्या फोटोत रहाट कसा आला त्याचं उत्तर मला इथे कुठेतरी दिसतं.

आता मुलीला दोन गोष्टी माझ्याकडून सांगा. एक, हेडसेट स्वतःच एक चौकट आहे. आपल्याला दोन्ही बाजू मिळून साधारण दोनशे अंशांपर्यंत दिसतं, नेहमीच्या हेडसेटमध्ये शंभरच्या आसपास, पोहायचा गॉगल घातल्यासारखं. शिवाय व्हीआरमध्ये अंतरं जवळ वाटतात, बऱ्याच प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा लोक सरासरी खऱ्या अंतराच्या पाऊण पटीच्या आसपासच अंदाज सांगतात असं दिसलं. त्यामुळे एखाद्याने जागा चुकीची आठवली तर ती आठवताना चुकली की मुळात बघतानाच चुकीची दिसली होती, हे वेगळं काढायलाच हवं. दृश्य समोर असतानाच एकदा मोजायचं, मग झाकून आठवणीतून मोजायचं, दोन्ही त्याच हेडसेटमध्ये, आणि फरक तो खरा. हे केलं नाही तर अख्खा प्रोजेक्ट वाया जाईल, इतकं स्पष्ट सांगते.

दुसरी, लोकांना ‘लक्षात ठेवा’ असं सांगायचं की नाही ते आधी ठरव म्हणावं. फ्रँकफर्टच्या गोएथे युनिव्हर्सिटीतल्या मेलिसा व्हो यांच्या गटाने व्हीआरच्या खोल्यांमध्ये लोकांना वस्तू शोधायला लावल्या आणि दिसलं की मुद्दाम पाठ केलेल्या वस्तूंपेक्षा नुसत्या शोधलेल्या वस्तू जास्त चांगल्या आठवतात. किराणा सामान लावताना डबे पाठ करणाऱ्या सुनेपेक्षा रोज त्यातून हळद शोधणाऱ्या सासूला डबा कुठे आहे ते नेमकं माहीत असतं, तसंच.

आणि गेमचं म्हणाल तर हो, यंत्र तेच. काम वेगळं.

प्रश्न : माजघरातून स्वयंपाकघरात आले की कशाला आले तेच आठवत नाही. वय ६१. व्हीआरचा आणि याचा काही संबंध आहे का, की डॉक्टरकडे जाऊ? (एक आजी, सोलापूर)

उत्तर : संबंध आहे. अमेरिकेतल्या नोत्र दाम युनिव्हर्सिटीचे गेब्रिएल रॅडवान्स्की यांनी आधी कॉम्प्युटरवरच्या खोल्यांमध्ये आणि मग खऱ्या खोल्यांमध्ये दाखवलं की दार ओलांडलं की हातातल्या गोष्टीची आठवण जरा कच्ची होते, तेवढंच अंतर त्याच खोलीत चाललं तर तशी होत नाही. आणि ती कॉलेजची पोरं होती, आजी नव्हत्या. पुढे २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात बाँड युनिव्हर्सिटीत व्हीआर वापरून परत करून बघितलं तर साध्या परिस्थितीत दाराने काही फरक पडला नाही, डोक्यात एकीकडे आकडे मोजायचं काम दिलं तेव्हाच पडला. म्हणजे डोक्यात चार कामं असताना दार ओलांडलं की घोळ होतो. तुमच्या डोक्यात किती कामं असतात ते मला पत्रावरूनच कळलं. परत माजघरात जाऊन उभ्या राहा, बहुतेक वेळा आठवतं. पण रोजचा रस्ता चुकायला लागला, ओळखीची माणसं ओळखू येईनात, तर मात्र थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. साक्षीदार खोलीचं वर्णन इतक्या ठामपणे करतात की खोटं वाटतच नाही, आणि पंचनाम्यात भलतंच असतं. हे सगळे खोटं बोलतात असं धरायचं का? (वकील, सातारा जिल्हा)

उत्तर : नाही, तसं धरू नका, आणि ठामपणावरून खरंही धरू नका. इलिनॉय युनिव्हर्सिटीत ब्रूअर आणि ट्रेयन्स यांनी १९८१ मध्ये विद्यार्थ्यांना एका ऑफिसात ३५ सेकंद बसवलं आणि मग दुसऱ्या खोलीत नेऊन तिथे काय काय होतं ते लिहायला सांगितलं. ३० पैकी नऊ जणांनी पुस्तकं होती असं लिहिलं. त्या ऑफिसात एकही पुस्तक ठेवलेलं नव्हतं. अभ्यास करणाऱ्याची खोली म्हणजे पुस्तकं असणारच, म्हणून आठवणीत आली. दुसरं म्हणजे प्रश्न कसा विचारला त्यानेही दृश्य बदलतं. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग तुम्हाला माहीत असेल, अपघाताची फिल्म दाखवून एका गटाला गाड्या ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता असं विचारलं, दुसऱ्याला नुसतं ‘लागल्या’ तेव्हा. आठवड्याने विचारलं की फुटलेली काच दिसली का, तर पहिल्या गटात ५० पैकी १६ जण हो म्हणाले, दुसऱ्यात सात. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. उलटतपासणीत शब्द किती जपून वापरावे लागतात ते तुम्हाला मी काय सांगणार.

आता झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं बंधन आलंय, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते आहे, आणि ते चांगलंच आहे. पण व्हिडिओलाही चौकट असते हे विसरू नका. जवळून घेतलेला शॉट बघून उठलेल्या माणसाला आजूबाजूची जागाही पाहिल्यासारखी वाटणार, वर सांगितलं तेच. म्हणून लांबूनचं, मधलं आणि जवळचं असं तिन्ही हवं, आणि साक्षीदाराला फोटो दाखवण्याआधी त्याच्याकडून आठवणीतला नकाशा काढून घेतलेला असला तर फार बरं. व्हीआरमध्ये घटनास्थळ पुन्हा उभं करून साक्षीदाराला त्यात फिरवायचं असंही कुणी कुणी म्हणतात, मला त्याची भीती वाटते, कारण त्यात ज्याने दिवा ज्या कोपऱ्यात ठेवला तो तिथेच होता असं माणसाला कायमचं आठवायला लागेल.

प्रश्न : माझा सात वर्षांचा मुलगा मावशीकडे हेडसेट घालून समुद्राखालचं बघून आला. आता शाळेत सांगतो मी देवमाशाबरोबर पोहलो. ओरडू का? (आई, ठाणे)

उत्तर : अजिबात ओरडू नका. स्टॅनफर्डमध्ये कॅथरिन सेगोव्हिया आणि जेरेमी बेलेन्सन यांनी २००९ मध्ये नेमका हाच प्रसंग घेतला होता, देवमाशांबरोबर पोहणं. शाळेत जाणाऱ्या ज्या मुलांनी व्हीआरमध्ये स्वतःलाच पोहताना पाहिलं, किंवा नुसती तशी कल्पना केली, त्यांच्यातल्या जास्त मुलांना काही दिवसांनी ते खरंच घडलं असं वाटायला लागलं. अगदी लहान, बालवाडीतल्या मुलांना तर काहीही केलं तरी वाटत होतं. मुलगा खोटं बोलत नाहीये, त्याला तसं आठवतंय. त्याला शांतपणे विचारा, पाणी थंड होतं का, कपडे ओले झाले का, मावशी कुठे होती, म्हणजे तो स्वतःच उलगडत जाईल. आणि मेटासारखी हेडसेट बनवणारी कंपनी स्वतःच १० वर्षांखालच्या मुलांना हेडसेट देऊ नका असं सांगते, ते मावशीलाही कळवा.

प्रश्न : शाळेत हेडसेट नाहीत, पण आठवीच्या वर्गात हे करून दाखवायचंय. जमेल का? (शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : छान जमेल, इंट्रॉब यांच्याकडे तरी कुठे हेडसेट होते. मोबाइलवर दोन फोटो काढा. एक जवळून, म्हणजे भिंतीला टेकवलेली सायकल, पण चाकाची कड आणि हँडल थोडं कापलं जाईल असं. दुसरा लांबून, मैदान, झाडं, मागे डोंगर, मोकळा. दोन्हींचे मोठे प्रिंट काढा. पहिला १५ सेकंद दाखवा, फक्त नीट बघा म्हणा, चित्र काढायचंय हे आधी सांगू नका. मग मधे पंधरावीस मिनिटं गणित घ्या. मग सगळ्यांना सारख्या मापाचा कागद द्या, कागदाची कड म्हणजे फोटोची कड असं समजावून सांगा (हे नीट सांगितलं नाही तर मुलं मधेच छोटं चित्र काढून मोकळी होतात) आणि काढू द्या. दुसऱ्या दिवशी दुसरा फोटो, तसंच. एक गट असाही ठेवा की जो फोटो समोर ठेवून चित्र काढेल, कारण काही मुलांचा हातच लहान काढायचा असतो आणि तो फरक वजा करावा लागतो. नंतर सायकल कागदाची किती रुंदी व्यापते ते पट्टीने मोजा, फोटोत किती व्यापते तेही मोजा, वहीत दोन रकाने करा. जवळच्या फोटोत सायकल लहान होऊन चाकं पूर्ण आलेली दिसतील असा माझा अंदाज आहे, मैदानाचं काय होतं ते मला खरंच बघायचंय. चित्रं आणि दोन्ही फोटो मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, मुलांची नावं मागे पेन्सिलने लिहिलेली चालतील.